गोदावरी की रुक्मिणी?

गेल्या चैत्रात माझ्या थोरल्या भावाला मुलगी झाली. आदल्या वर्षीच आजी गेली होती, त्यामुळे 'आजीच परत आली' असे घरात जो तो म्हणू लागला. साहजिकच मुलीला आजीचे नाव ठेवायचे ठरले. इथपर्यंत सारे एकमताने झाले. पण आजीला नावे दोन होती, आणि वाद तेथेच सुरू झाला.

माहेरची ती गोदावरी. अंबड तालुक्यात गंगथडीच्या एका गावी तिचा जन्म झाला, म्हणून नदीचेच नाव तिला मिळाले. लग्न होऊन ती भोकरदनकडे आमच्या घरी आली, तेव्हा तिच्या सासूचे नावही गोदाबाईच निघाले. सासूच्या नावाने सुनेला हाक कशी मारायची? तेव्हा तांदळाच्या ताटात अंगठीने 'रुक्मिणी' लिहिले गेले आणि गोदावरी संपली. पुढली साठ वर्षे तिने त्याच नावाने रांधले, निंदले-खुरपले, लेकरे वाढवली. तिला 'गोदे' म्हणणारा एकच माणूस उरला होता, तो म्हणजे तिचा भाऊ. भाऊबीजेला तो आला, की उंबऱ्यातूनच "गोदे, बरी हायस का?" म्हणायचा. त्या हाकेला आजी जितक्या लगबगीने उठे, तितकी ती एरवी कोणाच्याच हाकेला उठत नसे.

वडिलांचे म्हणणे स्पष्ट होते. "माझी आई रुक्मिणी होती. ही गोदावरी मला ठाऊक नाही," ते म्हणाले. हा युक्तिवाद खोटा नाही. ज्या नावाने माणूस आयुष्यभर राबला, ते नाव उपरे कसे म्हणावे? शिवाय रुक्मिणी ही साक्षात विठोबाची राणी. आणि ज्या रखमाबाईंनी बालपणी लावून दिलेल्या लग्नाविरुद्ध मुंबईच्या न्यायालयात झुंज दिली आणि लंडनला शिकून १८९४ साली ज्या डॉक्टर झाल्या, त्यांचेही नाव हेच.

परंतु बारशाला मुलीच्या कानात नाव सांगायचे ते आत्याने, म्हणजे मी. म्हणून मलाही काही मत असणे भाग होते. माझे मत गोदावरीच्या बाजूचे होते आणि आजही आहे.

आपल्याकडे स्त्रीचे आडनाव लग्नात बदलते, एवढेच आपण बोलतो. तिचे पाळण्यातले नावही बदलते, याचा आपल्याला विसर पडतो. १८८६ साली अमेरिकेत डॉक्टर झालेल्या आनंदीबाई जोशी माहेरी यमुना होत्या. न्यायमूर्ती रानड्यांच्या पत्नी रमाबाई याही माहेरच्या यमुनाच. १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांनी विधवेशी पुनर्विवाह केला, ती गोष्ट आपण आदराने सांगतो. त्या विधवेचे नाव गोदूबाई होते आणि त्या लग्नात त्यांच्या आनंदीबाई झाल्या. हे सारे सुधारकांच्या घरांत घडले. विधवेला नवे आयुष्य देणाऱ्या घरातही तिचे जुने नाव राहिले नाही. मग भोकरदनच्या एका शेतकऱ्याला काय दोष द्यावा!

तथापि दोष कोणाचा हा प्रश्नच नाही. प्रश्न परिणामाचा आहे. वडिलांच्या मिळकतीवर मुलीचा हक्क कायद्याने मान्य आहे. २००५ च्या दुरुस्तीने तो वडिलोपार्जित मिळकतीतही मुलाच्या बरोबरीचा झाला. आजीच्या माहेरच्या जमिनीचे कागद निघाले, तेव्हा शाळेच्या दाखल्यावरची गोदावरी आणि आधार कार्डावरची रुक्मिणी या एकच आहेत, असे प्रतिज्ञापत्र तिला करून द्यावे लागले. हक्क होता गोदावरीचा, आणि कागदोपत्री हयात होती ती रुक्मिणी. सत्तरी ओलांडलेल्या बाईने 'मी मीच आहे' असे मुद्रांकावर लिहून दिले आणि खाली अंगठा केला. बाहेर आल्यावर ती एवढेच म्हणाली, "लई दिवसांनी कुणीतरी माझं नाव वाचलं."

मला वाटते, रुक्मिणीला आम्ही विसरणार नाही. ती आमच्या घराच्या भिंतीभिंतीत आहे, मतदारयादीत होती, शेजारणींच्या तोंडी आहे. गोदावरी मात्र दुसऱ्यांदा पुसली जाईल. दोन जुन्या नावांपैकी एक निवडायचे, तर कोणते अधिक गोड वाटते यापेक्षा कोणत्या नावावर अन्याय झाला, हे पाहावे.

वहिनीची शंका निराळी होती. दोन्ही नावे जुनाट, शाळेत पोरी हसतील, असे तिला वाटे. मी तिला गोदावरी परुळेकरांविषयी सांगितले. ठाणे जिल्ह्यातल्या वारल्यांमध्ये राहून त्यांनी लढा उभारला आणि 'जेव्हा माणूस जागा होतो' या त्यांच्या पुस्तकाला १९७२ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. वहिनीने ऐकून घेतले, पण तिला पटले ते दुसरेच कारण. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे शासकीय कागदांवर आधी आईचे आणि मग वडिलांचे नाव लिहिण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने घेतला आहे. "म्हणजे हिच्या लेकरांच्या नावातही हे नाव येणार," वहिनी म्हणाली, "मग ते कुणी बदलू नये असंच ठेवा." अखेर शब्द तिचाच राहिला, आणि तो तिचाच असायला हवा होता. त्र्यंबकेश्वराहून निघालेली नदी राजमहेंद्रीपर्यंत गोदावरीच राहते. आमच्या मुलीलाही तेवढे जमावे.

बाराव्या दिवशी मी पाळण्यात वाकून ते नाव सांगितले. वडील अजून तिला 'छकुली'च म्हणतात. मी आग्रह धरीत नाही. आई गेल्याचे दुःख त्यांचे आहे.

विद्यार्थी मित्रमैत्रिणींना मात्र एक विचारावेसे वाटते. आपल्या आजीचे माहेरचे नाव आपणांस ठाऊक आहे काय? आमच्या वर्गात मी विचारले, तेव्हा बऱ्याच जणांना सांगता आले नाही. या सुट्टीत घरी गेल्यावर विचारा. आजी असेल तर तिलाच विचारा, नसेल तर तिच्या भावाला, आणि कोठेतरी लिहून ठेवा. बारसे केव्हातरी आपल्याही घरी होईलच.

— एक विद्यार्थिनी, बी. ए. तृतीय वर्ष