गाडी दारात, माणसं आत

'जगात जर्मनी, भारतात परभणी' असं आपण परभणीकर छाती फुगवून म्हणतो. गेल्या काही वर्षांत आपलं नाव देशभर गेलं ते मात्र पेट्रोलच्या भावामुळे. २०१८ मध्ये पेट्रोलने नव्वदी गाठली तेव्हा बातमीत परभणी होती, २०२१ मध्ये शंभरी ओलांडली तेव्हाही परभणीच होती. आपलं पेट्रोल मनमाडजवळच्या डेपोतून टँकरने येतं आणि वाहतुकीचा खर्च आपल्याच खिशातून जातो. अशा शहरात एखाद्या हमालाने, शिंप्याने, फळविक्रेत्याने किंवा मदरशातल्या हाफिजींनी इलेक्ट्रिक स्कूटर घेतली तर त्यांना नावं ठेवण्याचा अधिकार कुणालाच नाही. लिटरमागे शंभरावर रुपये मोजायचे की रात्री वायर लावून सकाळी निघायचं? हिशोब सरळ आहे.

पण या हिशोबात एक खर्च कुणीच धरलेला नाही. तो विकणारा सांगत नाही, सरकार सांगत नाही आणि घेणारा विचारत नाही. आज त्याबद्दलच लिहायचं आहे.

शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणासाठी आम्ही शिक्षक घरोघरी फिरतो. असाच एका मोहल्ल्यात गेलो होतो. गल्ली इतकी अरुंद की समोरून मोटारसायकल आली तर भिंतीला पाठ लावून उभं राहावं लागतं. एका विद्यार्थ्याचं घर म्हणजे पुढे एक खोली, मागे स्वयंपाकघर, वर पत्रा. मागे दार नाही, कारण मागे दुसऱ्याची भिंत. पुढच्या खोलीत, दाराला लागूनच, इलेक्ट्रिक स्कूटर उभी होती. तिची वायर एका एक्स्टेंशन बोर्डात गेलेली. त्याच बोर्डावर फ्रिज आणि मोबाइलचे दोन चार्जर. त्याच खोलीत रात्री सहा माणसं झोपतात.

मी मुलाच्या आईला विचारलं, "आपा, गाडी बाहेर का लावत नाही?"

"बाहर रखे तो बॅटरी चोरी होती ना सर."

"आणि रात्री काही झालं, आग लागली, तर निघणार कुठून?"

त्यांनी दाराकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं आणि हसून म्हणाल्या, "अल्लाह मालिक है."

त्या हसल्या, पण मला काही हसू आलं नाही. कारण मला छावणी आठवत होती.

छत्रपती संभाजीनगरची छावणी. ३ एप्रिल २०२४ ची पहाट. रमजानचा शेवटचा अशरा, सहरीच्या आसपासची वेळ. खाली शिवणकामाचं दुकान, वर राहतं घर. दुकानात आग लागली, कापड पेटलं, धूर वर चढला. एकाच कुटुंबातली सात माणसं गुदमरून गेली. त्यात दोन लहान मुलं होती. सुरुवातीच्या तपासात संशय गेला तो चार्जिंगला लावलेल्या इलेक्ट्रिक गाडीवर, शॉर्ट सर्किटवरही गेला. यातलं काहीही असलं तरी रचना तीच: खाली ज्वलनशील माल, वर झोपलेलं कुटुंब आणि सुटकेची वाट आगीतूनच. आपल्या किती घरांची रचना अशीच आहे, हे मोजायला सर्वेक्षण लागत नाही. आपापल्या गल्लीतून एक चक्कर मारा.

ही एकच घटना असती तर मी गप्प बसलो असतो. मार्च २०२२ मध्ये तामिळनाडूतल्या वेल्लोरला घरात स्कूटर चार्जिंगला होती. रात्री आग लागली आणि बाप-लेक धुरात गुदमरून मेले. पुढच्याच महिन्यात निजामाबादला घरात चार्जिंगला लावलेल्या बॅटरीचा स्फोट होऊन ऐंशी वर्षांचे आजोबा गेले. निजामाबाद म्हणजे नांदेडच्या पलीकडे, आपल्या सोयरिकीच्या टप्प्यातलं गाव. सप्टेंबर २०२२ मध्ये वसईत घरात चार्जिंगला लावलेली बॅटरी फुटली आणि सात वर्षांचा मुलगा भाजला. तो वाचला नाही. त्याच महिन्यात सिकंदराबादला इलेक्ट्रिक स्कूटरच्या शोरूमला आग लागली, धूर वरच्या हॉटेलात गेला आणि आठ माणसं मेली.

या घटनांत एक गोष्ट समान आहे. गाडी रस्त्यावर धावत नव्हती. ती उभी होती. माणसं घरात होती, बहुतेक झोपेत होती.

आता कुणी शिकलेला मनुष्य मला गाठून म्हणेल, "सर, तुम्ही उगाच घाबरवता. पेट्रोलच्या गाड्या जास्त पेटतात." त्याचं म्हणणं खोटं नाही. नॉर्वे-स्वीडनसारख्या देशांतली आकडेवारी तेच सांगते: तेवढ्याच गाड्यांमागे पेट्रोल-डिझेलच्या गाड्यांना आगी जास्त लागतात. मी हे मान्य करतो. पण त्याला माझा एकच प्रश्न आहे. पेट्रोलची टाकी आपण कुठे भरतो? पंपावर. तिथे विडी ओढू देत नाहीत, वाळूच्या बादल्या टांगलेल्या असतात, इंजिन बंद करायला लावतात. घरात, बायको-मुलांच्या उशाशी, सगळे झोपलेले असताना कुणी पेट्रोल भरतं का? इलेक्ट्रिक गाडीची टाकी मात्र आपण रोज तशीच भरतो. नॉर्वेतल्या माणसाकडे गॅरेज आहे, भिंतीवर बसवलेला चार्जर आहे, नीट अर्थिंग आहे. आपल्याकडे पत्रा, एक्स्टेंशन बोर्ड आणि एकच दार आहे. तिकडचा आकडा इकडे आणून माझं तोंड बंद करू नका.

बॅटरी पेटते कशी, हेही समजून घेऊ. लिथियमच्या बॅटरीत लहान लहान सेल एकमेकांना चिकटून बसवलेले असतात. त्यातला द्रव ज्वलनशील असतो. एखाद्या सेलमध्ये आतल्या आत शॉर्ट झाला, गाडी पडून तो दबला किंवा जास्त चार्ज झाला की तो तापतो. ठरावीक मर्यादेपुढे ती उष्णता स्वतःच वाढत जाते आणि शेजारच्या सेलला पेटवते. मग तिसरा, मग चौथा. वरून गोधडी टाकली, वाळू टाकली तरी आतली आग सहज थांबत नाही. भरपूर पाणी ओतून सगळी बॅटरी थंड करावी लागते, आणि विझली असं वाटल्यावरही ती पुन्हा पेटू शकते. धुरात विषारी वायू असतात. माणूस जळण्याआधी गुदमरतो.

हे थांबवण्यासाठी चांगल्या बॅटरीत नियंत्रण करणारं सर्किट असतं. २०२२ च्या आगींनंतर केंद्र सरकारने बॅटरीच्या चाचण्यांचे नियम कडक केले, ते डिसेंबर २०२२ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाले. लोह-फॉस्फेट प्रकारच्या बॅटऱ्या तुलनेने शांत असतात, त्याही आता येत आहेत. सुधारणा झाली, यात शंका नाही. पण नियमाआधी विकलेल्या गाड्या गेल्या कुठे? त्या भंगारात गेल्या नाहीत. मोठ्या शहरातला पहिला मालक कंटाळतो आणि त्याची जुनी गाडी निम्म्या-पाव किमतीत आपल्यासारख्या गावात येते. ज्याला नवी परवडत नाही, तोच ती घेतो. म्हणजे सर्वात कच्ची बॅटरी सर्वात कच्च्या वायरिंगच्या घरात पोचते.

त्यावर आपला उन्हाळा. एप्रिल-मेमध्ये परभणीचा पारा ४४ च्या पुढे जातो. पत्र्याखालच्या खोलीत रात्री दहालाही भट्टी असते. माणूस दुपारभर गाडी उन्हात फिरवतो, घरी येतो आणि तापलेल्या बॅटरीलाच लगेच वायर लावतो. तिकडे विजेचा दाब कमी-जास्त होतो, लाइट जाते, येते. मिक्सर पाच मिनिटं चालतो, हा चार्जर चार-चार, पाच-पाच तास चालतो. बारीक वायर आणि सैल प्लग इतका वेळ तापत राहिला तर बॅटरी चांगली असूनही बोर्डच पेटेल. मग ती आग गाडीची की घराची, याचा वाद पंचनाम्यात होत राहील.

शिक्षक म्हणून मला आणखी एक गोष्ट बोचते. २५० वॅटपेक्षा कमी शक्तीची आणि ताशी २५ किलोमीटरच्या आतली गाडी कायद्याच्या लेखी मोटार वाहनच नाही. तिला नोंदणी नको, लायसन्स नको, विम्याची सक्ती नाही. ही सवलत ज्यांच्यासाठी असेल त्यांच्यासाठी असो, आज आठवी-नववीतली पोरं तिघं तिघं बसून त्यावर शाळेत येतात. काही विक्रेते वेगाची मर्यादा काढून देतात. महाराष्ट्राच्या परिवहन विभागाने २०२२ मध्ये अशा फेरफार केलेल्या गाड्यांवर कारवाईची मोहीमही काढली होती. फेरफार केलेली गाडी म्हणजे तपासलेल्या बॅटरीवर न तपासलेला भार. आणि त्या गाडीखाली कुणी आलं तर भरपाई देणार कोण? नंबर प्लेटच नाही, विमा कुठून असणार?

पैशाचंही ऐका. माझ्या मेहुण्याने मोठ्या हौसेने स्कूटर घेतली. पहिली दोन वर्षं तो भेटेल त्याला पेट्रोलची बचत ऐकवायचा. तिसऱ्या वर्षी गाडी निम्म्या अंतरावर दम टाकू लागली. ज्या दुकानातून घेतली ते दुकान बंद झालेलं. दुसरीकडे नव्या बॅटरीचा भाव विचारला तर पन्नास हजारांच्या पुढे. शेवटी त्याने एका ओळखीच्या मिस्त्रीकडून जुने-नवे सेल जोडून घेतले. दोन वर्षांची बचत एका फटक्यात गेलीच, वर घरात कुणाच्याही तपासणीत न बसणारी बॅटरी आली. मी त्याला रागावलो. तो म्हणाला, "भाईजान, दुसरा रस्ता सांगा." माझ्याकडे नव्हता.

इथेच माझा खरा आक्षेप आहे. या गाडीचा फायदा आणि धोका वेगवेगळ्या माणसांच्या वाट्याला येतात. राज्याच्या २०२५ च्या धोरणात इलेक्ट्रिक मोटारींना मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतूवर टोलमाफी आहे. चांगलं आहे. पण अटल सेतूवरून मोटार नेणाऱ्याकडे पोर्च आहे, वेगळा मीटर आहे, कंपनीची वॉरंटी आहे. त्याची गाडी पेटली तर गाडी जाईल. आमच्या गल्लीतली पेटली तर घर जाईल. हवा स्वच्छ करायची म्हणतात, तर विजेचंही तेच आहे. देशातली बहुतेक वीज अजून कोळशावर बनते. मुंबईत धूर कमी होईल, परळीची चिमणी आपल्या शेजारीच आहे. त्या केंद्राला पाणी जातं ते आपल्या सोनपेठ तालुक्यातल्या खडका बंधाऱ्यातून, आणि २०१५ च्या दुष्काळात पाण्याअभावी ते केंद्रच बंद ठेवावं लागलं होतं. ओझं कुणाच्या डोक्यावर आहे, ते बघा.

मी गाड्या बंद करा म्हणत नाही. गरिबाच्या हातातली स्वस्त गाडी काढून घेणारा मी कोण? मी म्हणतो, गाडी विकणाऱ्यांनी आणि विकायला प्रोत्साहन देणाऱ्यांनी ती चार्ज करायला सुरक्षित जागाही द्यावी. गॅसचं कनेक्शन देताना शेगडी-नळीची तपासणी होते. मग गाडी देताना घराचं अर्थिंग आणि प्लग पाहायला माणूस का येत नाही? महानगरपालिकेने दाट वस्तीत राखण असलेले चार्जिंग स्टँड उभारावेत. सायकल स्टँड आपण चालवलेच ना? 'बॅटरी चोरीला जाते' हे त्या आपांचं उत्तर खरं आहे, म्हणून राखण हवी. जुन्या बॅटऱ्यांची तपासणी करणारं एक अधिकृत केंद्र जिल्ह्यात हवं. आणि वेग वाढवून गाडी देणाऱ्या विक्रेत्यावर गुन्हा नोंदवावा. नुसता पोरांकडून दंड घेऊन भागणार नाही.

सरकार हे करेल तेव्हा करेल. आज रात्रीचं काय? ते आपल्या हातात आहे. गाडी दारात, जिन्यात, बाहेर पडायच्या वाटेत लावू नका. बॅटरी निघत असेल तर काढून गच्चीवर किंवा ओट्यावर, कपडे-गाद्यांपासून लांब ठेवा. गाडी थंड झाल्यावर चार्ज करा, जागे असताना करा, झोपायच्या आधी वायर काढा. चार्जर गाडीचाच वापरा आणि त्याला भिंतीतला स्वतंत्र प्लग द्या. बॅटरी फुगली, वास आला, पाण्यात बुडाली, तर ती घरात आणू नका.

मशिदीच्या कमिट्यांनाही माझी विनंती आहे. जुम्याच्या बयानात पाच मिनिटं यासाठी द्या. हा विषय दीनबाहेरचा नाही. रात्री झोपण्यापूर्वी दिवे विझवावेत, घरात विस्तव जळता ठेवू नये, अशी ताकीद आपल्या रसूलांनी (स.) दिल्याचं हदीसमध्ये आहे. तेव्हा तेलाचा दिवा होता, आज चार्जरचा हिरवा दिवा आहे. आणि उंट मोकळा सोडून अल्लाहवर भरवसा ठेवू पाहणाऱ्याला आधी उंट बांधायला सांगितलं होतं, हेही आपल्याला लहानपणापासून शिकवलं आहे.

मी त्या घरी पुन्हा गेलो होतो. गाडी अजून दारातच होती. मात्र वायर काढून ठेवलेली दिसली. मुलगा म्हणाला, "सर, अम्मी अब असर के बाद लगाती, मगरिब को निकाल देती." अल्लाह मालिक आहेच. पण रात्री वायर काढायचं काम त्याने आपल्यावर सोपवलं आहे.