मामांचा बत्तीस बोर

आमची आत्या बेळगावची, दिली ग्वाल्हेरला. तिच्या यजमानांना आम्ही मामा म्हणतो. पुण्याकडच्या लोकांना याचे नवल वाटते, पण आपल्या भागातल्या वाचकांना ते समजावून सांगायला नको. कन्नडमध्येसुद्धा अत्ते म्हटले की जोडीला मावा आलाच. मामा मध्य प्रदेश पोलिसांत होते. तिकडे ठाण्याच्या प्रमुखाला टी.आय. म्हणतात. निवृत्त होऊन अठरा वर्षे झाली तरी पडावमधला भाजीवाला त्यांना 'टी.आय. साब' म्हणूनच हाक मारतो, आणि मामांनाही ते आवडते.

पडाव ही ग्वाल्हेर स्टेशनजवळची वस्ती. कोकणात पडाव म्हणजे शिडाची होडी, हिंदीत पडाव म्हणजे मुक्कामाची जागा. लहानपणी मला वाटायचे की आत्याच्या घरासमोर नदी असणार! नदी नाही, पण जवळच फुलबागेत झाशीच्या राणीची समाधी आहे. पलीकडचे लष्कर तर दौलतराव शिंद्यांच्या फौजेच्या छावणीतूनच वसलेले. त्यात चंबळचा शेजार. तिकडे घरात बंदूक असणे म्हणजे आपल्याकडे दारात बैलजोडी असण्यासारखे. २००८ साली शेजारच्या शिवपुरी जिल्ह्यात नसबंदी करून घेणाऱ्या पुरुषाला बंदुकीचा परवाना लवकर मिळवून देण्याची योजना निघाली होती. २०१९ मध्ये ग्वाल्हेरच्या कलेक्टरांनी परवाना मागणाऱ्याने आधी दहा झाडे लावावीत असे सांगितले. त्याच वर्षी थंडीत गोशाळेला घोंगड्या द्याव्यात असेही निघाले. हसू नका, ज्या गोष्टीसाठी माणूस झाडे लावायलाही तयार होतो तिची ओढ केवढी असेल ते बघा.

मार्च २०२४ मध्ये मी आत्याकडे गेले होते. सोळा तारखेला लोकसभा निवडणुकीची आचारसंहिता लागली. ग्वाल्हेरचे मतदान सात मे रोजी होते, आपल्या बेळगाव-चिकोडीचेही त्याच दिवशी. निवडणूक आली की तिकडे परवान्याची हत्यारे जमा करण्याचा हुकूम निघतो. बँकांचे पहारेकरी वगैरे अपवाद सोडले तर सगळ्यांनी ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानात हत्यार देऊन पावती घ्यायची. मामांनी कपाटातून रिव्हॉल्व्हर काढले आणि आत्याला म्हणाले, "डबा दे गं."

डबा म्हणजे बोर्नव्हिटाचा जुना डबा. आत काडतुसे. चाळीस वर्षांच्या संसारात आत्याने या घरातल्या काडतुसांचा हिशेब साखरेच्या हिशेबासारखा ठेवला आहे. पण अलीकडे मामा विसरतात. सकाळची गोळी घेतली की नाही हे त्यांना आठवत नाही. दोनदा तर रात्री दार वाजल्यासारखे वाटून ते उठले आणि कपाट उघडून उभे राहिले. आत्या मला हे सांगताना कन्नडमध्ये बोलली, शेजारच्या खोलीत मामांना कळू नये म्हणून. "मला चोराची भीती नाही गं," ती म्हणाली, "ह्यांच्या झोपेची भीती वाटते."

मामांबरोबर मीही बंदुकांच्या दुकानात गेले. म्हाताऱ्या दुकानदाराने डबा काउंटरवर उपडा केला, चष्मा पुसला आणि काडतुसांचे दोन ढीग केले. एक ढीग मोठा, दुसऱ्यात फक्त सात. "साहेब, ही तुमची नाहीत," तो म्हणाला.

दोन्ही बत्तीसच, पण एक रिव्हॉल्व्हरचे आणि दुसरे पिस्तुलाचे. रिव्हॉल्व्हरचे लांब असते आणि त्याच्या बुडाला रुंद काठ असतो. पिस्तुलाचे आखूड, काठ जेमतेम. मामांच्या एका जुन्या सहकाऱ्याने कधीतरी "अरे, बत्तीस ही तो है" म्हणून दिली होती, आणि मामांनी डब्यात टाकली होती. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांचे परवाने तपासले त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या मी त्या दिवशी प्रथम पाहिल्या.

इथे थोडे थांबून सांगते, कारण पोलिसांच्या, सैनिकांच्या अनेक घरांत असा डबा असतो आणि तो बहुधा बायकांच्या ताब्यात असतो. काडतूस म्हणजे पितळेची पुंगळी, बुडाला ठिणगी देणारी टोपी, आत दारू आणि तोंडाशी शिशाची गोळी. टोपीवर घोडा आपटला की दारू पेटते, वायू होतो, आणि त्या वायूचा दाब गोळीला पुढे ढकलतो. आपल्या स्वयंपाकघरातला कुकर साधारण चौरस इंचाला पंधरा पौंड दाबावर शिट्टी देतो. बत्तीसच्या रिव्हॉल्व्हर काडतुसाची कमाल मर्यादा, अमेरिकेतल्या उत्पादकांच्या संघटनेने ठरवलेली, पंधरा हजार पौंड आहे. म्हणजे कुकरच्या हजारपट! पिस्तुलाच्या बत्तीसची मर्यादा वीस हजार पाचशे. पोलीस आणि लष्कर वापरतात त्या नऊ मिलिमीटरची पस्तीस हजार, आणि त्याच्याच 'प्लस पी' नावाच्या जादा दाबाच्या काडतुसाची अडतीस हजार पाचशे. अमेरिकेत ही प्लस पी काडतुसे दुकानात मिळतात. मात्र जुन्या किंवा हलक्या बांधणीच्या हत्यारात ती घालू नयेत, असे बनवणारेच सांगतात.

पिस्तुलाचे बत्तीस काडतूस रिव्हॉल्व्हरच्या भोकात पुष्कळदा बसते. बसते म्हणून चालते असे नाही. बूड नीट टेकत नाही आणि दाब साडेपाच हजारांनी जास्त. एखादे नवे, दणकट रिव्हॉल्व्हर ते निभावून नेईलही, पण तीस वर्षांच्या हत्याराची परीक्षा कोणी स्वतःच्या हाताच्या पंजावर घ्यावी? तीन लिटरच्या कुकरचे झाकण पाच लिटरच्या कुकरला आपण लावत नाही, जरी दोन्हीवर एकाच कंपनीचे नाव असले तरी.

मामांच्या मोठ्या ढिगातल्या पुंगळ्यांच्या बुडावर 'के.एफ.' अशी अक्षरे होती. ती पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याची. १८६९ पासून चालत आलेला हा कारखाना. परवानाधारकाच्या रिव्हॉल्व्हरमध्ये आपल्या देशात प्रामुख्याने तिथलीच काडतुसे जातात. मराठी मुलखातला माल ग्वाल्हेरच्या मराठी घरात, हे मला तेव्हा उगीचच बरे वाटले.

पण दाबाची गोष्ट एक आणि कायद्याची दुसरी. काडतुसे विकत घेतली की परवान्याच्या पुस्तिकेत नोंद होते. दुसऱ्याच्या परवान्यावरची काडतुसे आपल्या डब्यात असणे हा मैत्रीचा मामला राहत नाही. विनापरवाना हत्यार किंवा दारूगोळा बाळगण्याची शिक्षा २०१९ च्या दुरुस्तीनंतर दोन ते पाच वर्षे कैद झाली आहे. मामांनी दुकानदाराला नको म्हटले, स्वतः ठाण्यात गेले, सात काडतुसे टेबलावर ठेवली आणि लेखी दिले. "आरोपी हजर आहे," असे ते तिथल्या तरुण फौजदाराला म्हणाले म्हणे. तो बिचारा खुर्चीवरून उठून उभाच राहिला.

त्या रात्री न्यू जर्सीहून आत्याच्या मुलाचा फोन आला. सगळे ऐकून तो म्हणाला, "इथे निवृत्त पोलिसाला पन्नासही राज्यांत पिस्तूल बाळगता येतं. पप्पांना आपल्या देशात एवढाही मान नाही का?"

मामा गप्प राहिले, म्हणून उत्तर मी देते. आपल्याकडे १९५९ चा शस्त्र कायदा पोलिसाला परवान्यातून सूट देतो, पण ती सरकारी नोकर म्हणून कर्तव्य बजावताना. निवृत्तीच्या दिवशी सरकारी पिस्तूल जमा झाले की ती सूटही जमा झाली. नऊ मिलिमीटरचे पिस्तूल तर प्रतिबंधित बोरचे, ते सामान्य परवान्यावर मिळतही नाही. निवृत्त अधिकाऱ्याने तुमच्या-माझ्यासारखा अर्ज करायचा. २०१६ च्या नियमांत सैन्य आणि पोलिसांत नोकरी केलेल्यांचा वेगळा उल्लेख आहे, तरी जिवाला किंवा मालमत्तेला खरी गरज दाखवावी लागतेच. परवाना मिळाला तरी तो कोणत्या हद्दीत चालतो ते पुस्तिकेवर लिहिलेले असते. ग्वाल्हेरचा परवाना खिशात घालून कोणी भाचीच्या लग्नाला बेळगावला निघाला, तर हद्द आधी वाचावी. सार्वजनिक ठिकाणी रिव्हॉल्व्हर म्यानात, झाकलेले हवे. एका माणसाकडे, वारशाने आलेली धरून, जास्तीत जास्त दोन हत्यारे. आणि वरातीत हवेत बार काढणे, ज्याला तिकडे 'हर्ष फायरिंग' म्हणतात, त्याने कोणाचा जीव धोक्यात आला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. (आपल्या कर्नाटकात कोडगूच्या लोकांना परवान्याशिवाय कोवी ठेवण्याची जुनी सवलत २०२९ पर्यंत वाढवली आहे. पण ती लांब नळीच्या बंदुकांपुरती.)

अमेरिकेतला कायदा २००४ सालचा. त्याचा फायदा घ्यायला आता किमान दहा वर्षांची पोलीस नोकरी लागते. पूर्वी पंधरा लागायची, २०१० मध्ये कमी केली. फोटोचे ओळखपत्र हवे, आणि दर वर्षी स्वतःच्या खर्चाने नेमबाजीची परीक्षा द्यावी लागते. न्यू जर्सी राज्य मात्र निवृत्तांकडून आपला वेगळा परवाना मागत होते आणि पोकळ टोकाच्या गोळ्यांवरही बंधन घालत होते. ही गोळी लागताच फुलते, म्हणून आरपार जाऊन दुसऱ्याला लागण्याची भीती कमी, असे तिकडच्या पोलिसांचे म्हणणे. फुलणाऱ्या गोळीचे कूळ मात्र आपल्याच देशातले. कलकत्त्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात ती १८९० च्या दशकात बनली, 'डमडम' हे नाव तिथूनच आले, आणि १८९९ मध्ये हेगच्या परिषदेने युद्धात तिला मनाई केली. तर या न्यू जर्सीच्या भांडणात फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने निवृत्त अधिकाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला. म्हणजे आत्याच्या मुलाची बातमी ताजी होती.

पण मामांनी त्यातला एकच शब्द धरला. "दर वर्षी परीक्षा?" त्यांनी विचारले. मग आपला उजवा हात समोर धरला. तो थरथरत होता. निवृत्तीनंतर त्यांनी एकदाही निशाणा लावून बघितला नव्हता. "त्यांचं बरोबर आहे," ते म्हणाले, "मी नापास होईन."

मला वाटते, मानाचा प्रश्न तिथेच मिटला. पट्ट्याला हत्यार अडकवल्याने पोलिसाचा मान राहतो, हे मला कधीच पटलेले नाही. मामांचा मान भाजीवाल्याच्या हाकेत आहे आणि त्या सात काडतुसांच्या कागदात आहे. पण हे म्हणणे मला सोपे, मी कधी डाकूंच्या मुलखात रात्रीची गस्त घातलेली नाही. नोकरीत ज्यांना पकडले त्यांच्या धमक्या खरोखर येत असतात, अशा निवृत्तांना हत्यार द्यावे, पण नेम आणि डोके दोन्ही तपासून द्यावे. आपल्याकडे परवान्याची मुदत २०१९ पासून तीनऐवजी पाच वर्षे झाली. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसात पाच वर्षांत किती फरक पडतो, हे घरच्यांइतके कचेरीला कुठून कळणार?

नियमांप्रमाणे सत्तरी ओलांडलेला परवानाधारक हत्यार वारसाच्या नावे करण्यासाठी अर्ज करू शकतो. परवाना वारसाला स्वतःचा घ्यावा लागतो. मामांनी इंदूरच्या मुलीला विचारले. तिने स्पष्ट सांगितले, घरात दोन लहान मुले आहेत, नको. मुलगा परदेशात. मग आत्याचा प्रश्न उरला. उद्या मामांना काही झाले तर परवाना संपतो, आणि कपाटात रिव्हॉल्व्हर असलेली बाई, पोलिसाची विधवा असली तरी, विनापरवाना हत्यार बाळगणारी ठरू शकते. ते विनाविलंब ठाण्यात किंवा दुकानात जमा करावे लागते. तेराव्या दिवसापर्यंत हे कोणाच्या लक्षात राहते? कोणत्या कपाटात काय आहे आणि पुस्तिका कुठे आहे, एवढे तरी नवऱ्याने जिवंतपणी बायकोला सांगून ठेवावे.

जूनमध्ये निकाल लागले, आचारसंहिता उठली, हत्यारे परत नेण्याचा निरोप आला. मामा गेले नाहीत. त्यांनी ठाण्याला आणि कलेक्टर कचेरीला लेखी कळवले, रीतसर परवानगीने रिव्हॉल्व्हर त्याच दुकानदाराला विकले आणि परवाना परत केला. किती आले म्हणून मी विचारले तर म्हणाले, "तुझ्या आत्याची एक पैठणी."

पैठणी काही अजून घेतलेली नाही. परवा आत्याचा फोन आला. बोर्नव्हिटाच्या डब्यात आता लवंग-वेलदोडे असतात. मामा संध्याकाळी फुलबागेपर्यंत फिरून येतात, जाताना सवयीने कमरेशी हात नेतात आणि मग रुमाल काढतात. "आणि तू कशी आहेस?" मी विचारले. आत्या आपल्या माहेरच्या बोलीत म्हणाली, "चलो निद्दी बरतद." झोप चांगली लागते. ग्वाल्हेरच्या घरात तिला 'चलो' म्हणताना ऐकून मामा आतून ओरडले, "कहाँ चलो?"