अर्थ लागत नव्हता

गेले काही दिवस या विषयावर लिहायचं मनात होतं. विषय तसा रुक्ष आहे, जीपच्या दिव्यांचा. पण आमच्याकडे या दिव्यांवरून दोन पावसाळे वाद चालला होता आणि शेवटी जीप विकायचीच पाळी आली होती. त्यामुळे नातेवाईक मंडळींसाठी तरी एकदा सगळं नीट लिहून ठेवतो. गाड्यांमध्ये रस नसलेल्यांनी मधला तांत्रिक भाग गाळला तरी चालेल. (वाचलात तर घरातल्या मिक्सरच्या वायरकडेसुद्धा वेगळ्या नजरेने बघाल!)

मुद्दा आधीच सांगून टाकतो. जुन्या गाडीचा दिवा अधूनमधून जात असेल तर दोष बहुतेक वेळा दिव्यात नसतो. आणि बिघाड कुठे आहे हे मोजून कळत नाही तोवर एकही पार्ट बदलू नये. एवढंच माझं मत. आता ते का झालं ते सांगतो.

आमच्या मामांकडे आर्मी डिस्पोजलची महिंद्रा जीप आहे हे बहुतेकांना ठाऊक आहे. मोहन्यात त्यांच्या घराचा पत्ता विचारला तर लोक गल्लीचं नाव सांगत नाहीत, "ती जीप उभी असते ना, तिथे" असंच सांगतात. अशा गाड्यांचा इतिहास मोठा आहे. स्वातंत्र्यानंतर महिंद्राने मुंबईत विलीज जीप जोडायला घेतली आणि पुढे कित्येक दशकं त्या वळणाच्या जीपा लष्करात धावल्या. जबलपूरच्या कारखान्यात १९६९ पासून १९९९ पर्यंत निस्सानच्या परवान्याने जोंगा बनली. लष्करातलं आयुष्य संपलं की या गाड्या लिलावात निघतात आणि मामांसारख्या हौशी माणसांच्या दारात येऊन उभ्या राहतात. नगरच्या रणगाडा संग्रहालयातल्या गाड्या पाहिल्यावर मला नेहमी वाटतं, यांचं बरं आहे, यांना रात्री कुठे जायचं नाही. मामांच्या जीपला मात्र जायचं असतं. दर श्रावणात मुरबाड, माळशेज करत ओतूरजवळच्या गावी.

आता एक छोटी पण महत्त्वाची गोष्ट. केंद्रीय मोटार वाहन नियमांमधला १२१वा नियम असा आहे की ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांनाच चालतो. म्हणजे डिस्पोजलची गाडी घेतली की ती आधी रंगवावी लागते. मामांची जीपही रंगली. आधीच्या मालकाने एकदा रंगवली, मामांनी दोनदा. या रंगाची आठवण ठेवा, पुढे लागणार आहे.

जीपला आधी हॅलोजन दिवे होते. उजेड पिवळट, समोर दहा पावलांवर संपणारा. मामांनी सत्तरी ओलांडली आहे, रात्री दिसायला त्रास व्हायला लागला म्हणून त्यांनी सात इंची गोल एलईडी दिवे बसवून घेतले. काही आठवडे आनंदात गेले. पांढराशुभ्र उजेड! मग एक दिवस टिटवाळ्याहून येताना दोन्ही दिवे गेले आणि दोन-तीन सेकंदांत आपोआप परत आले. मग आठ दिवस काही नाही. मग पुन्हा. गॅरेजमध्ये नेली की शहाण्या मुलासारखी वागायची, एक दिवा मिचकायचा नाही.

गॅरेजवाल्याने दिवे बदलले. महिन्याभराने दुसऱ्या कंपनीचे बसवले. तिसऱ्यांदा त्याने हात टेकले, "काका, जुन्या गाडीला एलईडी सूट होत नाही." आणि त्याच श्रावणात, माळशेजच्या एका वळणावर, पाऊस आणि धुक्यात दोन्ही दिवे एकदम गेले. मामी शेजारी बसल्या होत्या, मागे टेम्पो होता. मामांनी अंदाजाने ब्रेक मारत गाडी डोंगराच्या बाजूला घेतली आणि दिवे परत आले. काही झालं नाही, पण घरी आल्यावर मामींनी सांगितलं, "आता एकतर ही जीप राहील या घरात, नाहीतर मी." आणि त्यांचं काहीही चुकलं नव्हतं. दिवसा गाडी बंद पडली तर गैरसोय होते. घाटात रात्री दिवे गेले तर माणसं जातात.

इथे आमच्या शेजारच्या काकांचा प्रवेश होतो. काकांची सगळी नोकरी मोहन्याच्या एन.आर.सी.मध्ये, इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला झाली. कंपनी २००९ साली बंद झाली, पण काकांचा मल्टीमीटर बंद झाला नाही. त्यांनी जीपला हातही न लावता मामांना एक वही दिली. दिवे कधी गेले, एक की दोन्ही, डिपर की अप्पर, पाऊस होता का, खड्डा आला होता का, इंजिन किती वेळ चालू होतं, सगळं लिहायचं. मामा कुरकुरले, पण लिहिलं.

तीन आठवड्यांच्या त्या दीड पानातून बरंच कळलं. दर वेळी दोन्ही दिवे एकदम जात होते. आता दोन वेगवेगळे दिवे एकाच क्षणी खराब होणं आणि एकाच क्षणी बरे होणं शक्य आहे का? म्हणजे दोष दोघांच्या सामाईक वाटेवर: स्विच, पायाचा डिपर, मुख्य वायर किंवा अर्थ. डिपर आणि अप्पर दोन्हींवर जात होते, म्हणून पायाचा डिपर थोडा मागे पडला. आणि बहुतेक नोंदींसमोर "खड्डा" लिहिलं होतं. उष्णतेने एलईडी स्वतःला बंद करतो तसा प्रकार असता तर अर्धा-पाऊण तास चालल्यावर व्हायला हवा होता. इथे घरातून निघून पाच मिनिटांत, शहाडच्या पुलाआधीसुद्धा झालं होतं.

मग काकांनी मीटर काढला. पद्धत इतकी साधी आहे की लिहूनच ठेवतो. दिवे चालू ठेवून मोजायचं, बंद ठेवून नाही. बॅटरीवर १२.३ व्होल्ट मिळत होते. दिव्याच्या पिनांवर जेमतेम १०.४. मधले जवळजवळ दोन व्होल्ट कुठे गेले? मीटरची एक सुई बॅटरीच्या प्लसवर, दुसरी दिव्याच्या प्लसवर: ०.४. जुन्या वायरिंगला हे चालून जाईल. मग एक सुई बॅटरीच्या मायनसवर, दुसरी दिव्याच्या अर्थवर: १.५ व्होल्ट! चांगल्या अर्थमध्ये हा आकडा ०.१-०.२ च्या वर जाऊ नये. काकांनी मडगार्डवर मुठीने एक ठोसा मारला. मीटर चारच्या वर उडाला आणि दोन्ही दिवे गेले. दोन पावसाळ्यांचं भूत अंगणात, भर दुपारी, एका ठोशात सापडलं.

गाडीत दिव्याकडून बॅटरीकडे परत जाणारी वेगळी वायर बहुधा नसते, गाडीचा पत्राच ते काम करतो. दिव्याची अर्थची वायर एका बोल्टने मडगार्डला कसलेली असते. तो बोल्ट उघडला तर वॉशरखाली रंगाचे तीन थर, त्याखाली गंज. विजेला जायला वाट होती ती बोल्टच्या आट्यांमधून, कशीबशी. खड्डा आला की तीही सुटायची. त्यात आमचं गाव उल्हास नदीच्या काठचं, पावसाळ्यात हवा कायम ओली, गंजाला आमंत्रणच!

मग हॅलोजनच्या वेळी हे का कळलं नाही? मला सगळ्यात रस वाटला तो याच भागात. हॅलोजनमध्ये तापलेली तार असते. क्षणभर वीज तुटली तरी ती लगेच थंड होत नाही, डोळ्याला तुटलेलं कळत नाही. व्होल्टेज कमी पडलं तर ती मंद आणि पिवळी होते. दहा टक्के व्होल्टेज कमी झालं तर उजेड साधारण तीस टक्के घटतो. म्हणजे जुना दिवा वर्षानुवर्षं तक्रार करत होता, फक्त आपण त्याला "जुन्या गाडीचा उजेड असाच असतो" म्हणत होतो. एलईडीच्या आत एक छोटं सर्किट असतं, ड्रायव्हर. व्होल्टेज कमी झालं तरी तो उजेड तेवढाच ठेवायची धडपड करतो, त्यासाठी बरेचसे ड्रायव्हर उलट जास्त करंट ओढतात. आणि एका मर्यादेखाली गेलं की सरळ बंद होतो, पुन्हा सुरू व्हायला क्षण-दोन क्षण घेतो. अर्ध्या सेकंदाचा लूज कॉन्टॅक्ट घाटात दोन-तीन सेकंदांचा अंधार होतो तो असा. एलईडी जुन्या गाडीला सूट होत नाही हे खरं नाही. तो जुनी दुखणी झाकून घेत नाही, इतकंच.

इलाज तासाभराचा झाला. बोल्टखालचा रंग आणि गंज चकचकीत पत्रा दिसेपर्यंत खरवडला, दातेरी वॉशर घातला, वर पेट्रोलियम जेली चोपडली. शिवाय पत्र्यावर विसंबायला नको म्हणून दोन्ही दिव्यांपासून चॅसीपर्यंत आणि तिथून बॅटरीच्या मायनसला वेगळी जाड वायर ओढली. दुसऱ्या रविवारी रिले आणि फ्यूज टाकून दिव्यांना बॅटरीवरून थेट वीज दिली. जुना स्विच आता फक्त रिले चालवतो, भार त्याच्यावर नाही. इंजिन चालू ठेवून चार्जिंगही तपासलं, १४.२ व्होल्ट आलं. ते पंधराच्या वर असतं तर रेग्युलेटर बघावा लागला असता, कारण जास्त व्होल्टेजही एलईडीचा जीव घेतं. (कोणाकडे डिस्पोजलची गाडी असेल तर आधी ती किती व्होल्टची आहे ते बघा. महायुद्धातल्या मूळ विलीजा ६ व्होल्टच्या होत्या आणि पुष्कळशा लष्करी गाड्या २४ च्या असतात. मामांची सुदैवाने १२ची.)

एक सूचना जाता जाता. हॅलोजनच्या जुन्या वाटीत नुसता एलईडी बल्ब खोचू नका. ती वाटी तारेच्या जागेप्रमाणे घडवलेली असते, एलईडीचा उजेड तिच्यातून भलतीकडे फाकतो आणि समोरच्याचे डोळे दिपतात. आपल्याला दिसावं म्हणून दुसऱ्याला आंधळं करणं बरं नव्हे.

आता गॅरेजवाल्याबद्दल. मामा त्याच्यावर अजून चिडलेले आहेत, मी नाही. त्याच्या जागी बसून बघा. गाडी त्याच्यासमोर नापास होतच नाही. तो दोन तास मीटर घेऊन शोधत बसला आणि शेवटी एक बोल्ट घासून दिला तर आपण त्याला किती पैसे देऊ? "नुसता बोल्ट तर घासलास!" म्हणून घासाघीस करू. तेच नवा दिवा खोक्यातून काढून बसवला तर बिल मुकाट्याने देतो. आपण वस्तूचे पैसे देतो, शोधण्याचे देत नाही, म्हणून शोधणारे कमी होत चालले आहेत. फ्रिज, इन्व्हर्टर, पाण्याचा पंप, सगळीकडे हेच. "कार्ड गेलंय, बदलावं लागेल" हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. कार्ड खरंच गेलंय का, हे कोणी मोजलं होतं?

आमच्या मोहन्यात काकांसारखी माणसं अजून घरोघर आहेत. फिटर, वायरमन, बॉयलरवाले. आयुष्यभर मोठी यंत्रं चालू ठेवलेली माणसं आता दुपारी पेपर वाचत बसलेली असतात. त्यांच्याकडे बिघाड घेऊन जा, आणि जाताना शोधण्याचे पैसे घेऊन जा. काकांनी आमच्याकडून घेतले नाहीत ही गोष्ट वेगळी. मामींनी पुरणपोळ्यांचा डबा पाठवला तो मात्र ठेवून घेतला. :)

त्यानंतर जीप माळशेज दोनदा चढून आली आहे, एकदा भर पावसात रात्री. वहीत नवी नोंद नाही. मामी अजून पुढच्या सीटवर बसतात, पण मुरबाड सोडलं की दिव्यांकडे बघत असतात. भरवसा यायला बोल्टपेक्षा जास्त वेळ लागणार, हे उघड आहे.

तुमच्याकडेही असं कुठलं अधूनमधून रुसणारं यंत्र असेल तर नवीन काही घेण्याआधी महिनाभर वही ठेवून बघा. आणि काय सापडलं ते मला जरूर कळवा.