म्हातारपणाला किती पैसे पुरे? बंदीच्या दोन महिन्यांत हिशेब मांडा

मंडळी, १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस मासेमारी बंद. ट्रॉलर धक्क्याला लागले, जाळी शेडमध्ये गेली, खलाशी ओडिशा-झारखंडला आपापल्या घरी पोचले. मालीम असो, कुटबण असो की वास्कोचा खारीवाडा, सगळीकडे माणसे जरा मोकळी आहेत. म्हणून हा विषय आताच काढतो. एकदा ऑगस्ट लागला की कोण ऐकणार?

दर्यावर जाणे थांबले की घर चालवायला किती पैसे लागतील? आपल्यात हे कुणाला विचारा, उत्तर ठरलेले असते: "होडी आहे ना!" या उत्तराशीच आमचे भांडण आहे.

रांपणीच्या दिवसांत ते खरे होते. दोरीला हात लावणाऱ्याला वाटा मिळे, त्यात म्हातारा असला तरी कुणी नाही म्हणत नसे. किनारा हीच पेन्शन होती. ट्रॉलर आले, इंजिन आले, कर्ज आले, आणि तो वाटा गेला. आज साठीच्या माणसाला जेटीवर मान मिळतो, चहा मिळतो. वाटा नाही.

होडी विकून पैसे येतील असे धरणाऱ्यांना एवढेच विचारतो: गेल्या काही वर्षांत आपल्या ओळखीत जुना ट्रॉलर मनासारख्या किमतीला कुणी विकला? विकायला काढली की किंमत घेणारा ठरवतो. त्यातून बँकेचे उरलेले कर्ज जाते, डिझेलवाल्याची उधारी जाते. मुलगा चालवेल म्हणावे, तर मुलगा शिपवर नाहीतर गल्फला. भाडेपट्ट्याने दिली तर इंजिन बिघडल्याचा खर्च मालकाच्याच बोडक्यावर. म्हणून आमचे मत स्पष्ट आहे. म्हातारपणाच्या हिशेबात होडीची किंमत शून्य धरा. विकून काही आले तर चवथ जोरात करा!

मग किती लागतील? यासाठी बंदीचे हे दोन महिने फार उपयोगी आहेत, कारण होडी बंद असताना घर किती खाते ते याच दिवसांत दिसते. एक वही घ्या. होडीची डागडुजी, रंग, जाळ्यांचा खर्च वेगळ्या पानावर, मुलांची फी-पुस्तकेही तिथेच. उरलेले सगळे घराच्या पानावर लिहा: रेशन, गॅस, वीज, औषधे, पेट्रोल, फोन, संध्याकाळचेसुद्धा (ते लपवू नका).

एक गोष्ट मात्र बहुतेक जण विसरतात. हंगामात घरातले नुस्ते होडीवरून येते, त्याला पैसे पडत नाहीत. होडी थांबली की बांगडाही विकत घ्यावा लागतो, आणि पाहुणे आले की इसवणच हवी. तो खर्च घराच्या पानावर चढवा.

उदाहरण घेऊ. घरखर्च २५ हजार, नुस्ते ५ हजार, औषधे-डॉक्टर ४ हजार, महिन्याला झाले ३४ हजार. वर्षाचे ४ लाख ८ हजार. चवथ, जत्रा, कौले बदलणे, लग्नाचे आहेर यांचे वर्षाला ५२ हजार धरा. एकूण ४ लाख ६० हजार. मागची खोली ५ हजार भाड्याने दिली असेल तर ६० हजार वजा. उरले वर्षाला ४ लाख. हे आपले आपणच उभे करायचे.

बरेच जण इथे चुकीचे गणित करतात. पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ८.२ टक्के व्याज मिळते, एका माणसाला ३० लाखांपर्यंत ठेवता येतात. मग ४९ लाख दोघांच्या नावे ठेवले की वर्षाला ४ लाख येतील, झाले काम! पण व्याज तेवढेच राहते आणि बाजार वाढत जातो. महागाई ६ टक्के धरली तर आजचे ३४ हजार बारा वर्षांनी ६८ हजार होतात. ते भागवायला मुद्दलाला हात घालावा लागतो. व्याज सरासरी ७ टक्के धरले, कारण आजचे दर कायम राहतील असे नाही, तर ४९ लाख साधारण १३ वर्षांत संपतात. ७५ लाख २० वर्षे पुरतात, एक कोटी २८ वर्षे. साठीला थांबलेल्या माणसाचे ४९ लाख त्र्याहत्तराव्या वर्षी संपले, आणि घरधनीण पाच वर्षांनी लहान असली तर ती तेव्हा अडुसष्टची. पुढे ती कुणाकडे बघणार?

वर्षाच्या खर्चाच्या २५ पट, हा ठोकताळा अमेरिकेत विल्यम बेंगेन यांनी १९९४ मध्ये मांडलेल्या हिशेबातून आला. तिथले शेअर बाजार, तिथली महागाई वेगळी, तरी आमच्या वहीतला एक कोटीचा आकडा त्याच्याशी जुळतो.

एक कोटी ऐकून घाबरू नका, हा आकडा त्या घराचा आहे. छोट्या होडीवाल्याचे घर १५ हजारांत चालत असेल तर त्याचा ४५ लाख. दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेतून महिना २ हजार मिळत असतील तर आणखी कमी, पण त्याला उत्पन्नाची अट आहे, ट्रॉलरमालकाने ते धरून चालू नये. आकडा कमी करायचा सोपा हिशेब असा: महिन्याचा एक हजार खर्च घटला किंवा भाड्याने एक हजार वाढला, की लागणारी पुंजी ३ लाखांनी कमी होते. रिकामी खोली दुरुस्त करून भाड्याने देणे मोठ्या इंजिनापेक्षा फायद्याचे का, ते इथे कळते. आणि पन्नाशी ओलांडलेल्याने साठीपलीकडे हप्ते जाणारे होडीचे कर्ज काढूच नये, असे आम्ही म्हणू. रागावलात तरी चालेल.

तरुणांसाठी अटल पेन्शन योजना आहे, वय १८ ते ४०. साठीनंतर महिना ५ हजार हवे असतील तर अठराव्या वर्षी शिरणाऱ्याला महिना २१० रुपये, चाळिसाव्या वर्षी १,४५४. आपल्यानंतर तेवढेच पेन्शन नवऱ्याला किंवा बायकोला मिळते. आयकर भरणाऱ्याला यात आता शिरता येत नाही. ५ हजारही पुढे आजच्या ५ हजारांइतके राहणार नाहीत, त्यामुळे हे फक्त पायाला लागतील. हप्ता सहामाही ठेवता येतो हे पुष्कळांना ठाऊक नाही. जून-जुलैत खाते कोरडे, हप्ता चुकतो, दंड लागतो. हंगामात पैसे असताना सहा महिन्यांचा एकदम जाऊ द्या.

पाटी घेऊन बाजारात बसणारी बाई घराचा रोजचा खर्च चालवते, पण तिच्या नावावर बहुधा काही नसते. सगळे त्याच्या नावे, आणि जगायचे तिने जास्त. अर्धी ठेव तिच्या नावे करा, आणि वारस म्हणून कुणाची नोंद आहे ते बँकेत जाऊन बघून या. दहा मिनिटांचे काम आहे.

राहिला प्रश्न पैसे बाजूला कसे पडणार. महिन्याची शिस्त आपल्याला जमत नाही, कारण पगार नाही. पण वाटा पाडणे आपल्या हाडात आहे. होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा, माणसाचा वाटा आपण न चुकता काढतो. तसाच फेरीच्या हिशेबात म्हातारपणाचा वाटा काढायचा. मासळी विकून पैसे हातात यायच्या आधीच तो वेगळा पडावा, नाहीतर पडत नाही. हे सोसायटीतून करायचे तर ठराव हवा, आणि कपात किती ते सभासदांनी ठरवायला हवे. खलाशांचा वाटा त्यात कसा धरायचा, तेही. होड्या पाण्यात जाण्याआधी जुलैच्या शेवटच्या आठवड्यात सभा घ्यावी असे आम्ही सुचवतो. येताना वही आणा, दोन महिन्यांचे घराचे पान भरलेले.