उंदराने वायर कुरतडली, म्हणून गाव का अडावे?

ठिबकची नळी खारीने कुरतडली तर आपण काय करतो? जोड घालून त्याच दिवशी पाणी सुरू करतो. जतसारख्या कोरड्या तालुक्यात डाळिंबाची पाळी चुकवून चालत नाही, हे कुणी सांगावे लागत नाही. मग ग्रामपंचायतीच्या वाय-फायची वायर तुटली की तेच गाव महिनोन् महिने गप्प का बसते?

तालुक्याच्या पूर्व भागातल्या एका गावात हे डोळ्यांनी पाहिले. कार्यालयात इंटरनेट होते, पण गच्चीवरचा वाय-फायचा डबा बंद. समोरच्या समाजमंदिरातले सेवा केंद्र त्या डब्यावरच चालायचे. केबल उंदरांनी खाल्लेली. "नव्या केबलचा प्रस्ताव पाठवलाय, साहेब," एवढेच उत्तर. आणि पीएम किसानच्या ई-केवायसीसाठी एक आजी खुरपणीचा रोज बुडवून एस.टी.ची वाट बघत उभ्या!

गावोगावच्या ग्रामपंचायती फायबरने जोडण्याची योजना केंद्राने २०११ साली मंजूर केली. तीच पुढे भारतनेट झाली. एवढ्या लांबून आलेली सोय शेवटच्या वीस मीटरला अडावी, म्हणजे कालवा भरून वाहतोय अन् पोटचारी फुटलीय, असला प्रकार.

आता मुद्द्याचे. गच्चीवरच्या डब्याला बहुधा एकाच लॅन केबलमधून माहितीही जाते आणि वीजही. आत आठ तारा, म्हणजे चार जोड्या : नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी. १००० मेगाबिट वेगाला चारही जोड्या लागतात. १०० मेगाबिटला दोनच पुरतात. अर्ज भरायला, सातबारा काढायला १०० पुष्कळ झाले. म्हणून केबल फेकण्याआधी टेस्टर लावून कोणत्या जोड्या शाबूत आहेत ते पाहावे.

दोन जोड्या धड असतील तर त्या दोन्ही टोकांच्या कनेक्टरमध्ये १-२ आणि ३-६ या जागी बसवाव्यात. जोडी मात्र फोडू नये. एका जोडीच्या दोन तारा १-२ ला, दुसरीच्या ३-६ ला. लिंक धरत नसेल तर सेटिंगमध्ये वेग १०० करावा.

राहिली वीज. साधे, स्वस्त इंजेक्टर ४-५ आणि ७-८ या तारांतून वीज सोडतात. त्या तुटल्या की डबा मेला असे वाटते. मरतो तो वीजपुरवठा. डबा ८०२.३ एएफ या २००३ सालच्या मानकाचा असेल, तर माहितीच्याच दोन जोड्यांतून वीज देणारा त्याच मानकाचा इंजेक्टर चालतो. नसेल आणि डब्याला वीज घेण्याचे वेगळे छिद्र असेल, तर जवळ अ‍ॅडॉप्टर लावावा. त्या गावात आम्ही नारिंगी आणि तपकिरी जोडी वापरली, अ‍ॅडॉप्टर पावसापासून झाकून बसवला. दुपारच्या आत डबा सुरू झाला. आजींची एस.टी. मात्र सकाळीच गेली होती.

तीन गोष्टी ध्यानात ठेवा. डब्यावर छापलेत तेवढ्याच व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर वापरा. २४ व्होल्टच्या डब्याला ४८ दिले तर तो जळेल. घरची २३० व्होल्टची वीज या केबलमधून कदापि सोडू नका. आणि मोटारीच्या वायरीसारखा पीळ देऊन टेप गुंडाळू नका. पावसाचे पाणी शिरले की पुन्हा बोंब. मधेच जोडायचे झाले तर कपलर वापरून तो बंद डबीत ठेवा.

ही तात्पुरती मलमपट्टी आहे, हेही स्पष्ट सांगतो. डबा लागला म्हणून प्रस्ताव कपाटात जाता कामा नये. ग्रामसेवक व सरपंचांनी बिघाडाची नोंद करून बाहेरच्या वापराची केबल पाइपातून घालून घ्यावी, पाइपाची तोंडे बुजवावीत; आणि गावकऱ्यांनी ग्रामसभेत त्याचा हिशेब विचारावा. शे-दीडशे मीटरची केबल घालू नये. मर्यादा १०० मीटरची आहे.

उंदीर आपला स्वभाव सोडणार नाही. पण वायर तुटली त्या दिवशी कुणी जिना चढून वर बघतो की नाही, यावर कुणाचा तरी रोज बुडणे न बुडणे ठरते.