टीडीएसच्या कलमावरून नोकरी ठरत नाही

खासगी शिकवणी संस्था, रुग्णालये, वृत्तवाहिन्या, सॉफ्टवेअर कंपन्या, सगळीकडे एचआरकडून एकच युक्तिवाद ऐकू येतो. 'आम्ही तुमचा टीडीएस 194-जे खाली कापतो. तुम्हाला फॉर्म 16 मिळत नाही, 16-ए मिळतो. म्हणजे तुम्ही कर्मचारी नाही, कन्सल्टंट आहात. शिवाय फायदा तुमचाच, निम्म्या उत्पन्नावर कर लागत नाही.' यातली दोन्ही विधाने चुकीची आहेत, आणि फायद्याचे विधान अधिक फसवे आहे.

आधी फायदाच तपासू. महिना 20,000 रुपयांवर शिकवणारी शिक्षिका घ्या. वर्षाचे 2,40,000 होतात. 2025-26 च्या नव्या करप्रणालीत चार लाखांपर्यंत करच नाही. तिला पगारदार मानले असते, तर एक रुपयाही कापला गेला नसता. कन्सल्टंट ठरवल्यामुळे दहा टक्क्यांनी दरमहा 2,000 कापले जातात. वर्षाचे 24,000 सरकारकडे पडून राहतात आणि विवरणपत्र भरल्याशिवाय परत येत नाहीत. तेही पगारदारांचे सोपे 'सहज' चालत नाही, व्यवसायाचे विवरणपत्र लागते. मग सीएची फी आलीच. निम्मे उत्पन्न नफा धरण्याची सवलत 2016 च्या वित्त कायद्याने आणली खरी, पण ती डॉक्टर, वकील, अभियंते, वास्तुविशारद अशा ठरावीक व्यवसायांना. शिक्षक त्या यादीत नाहीत. आणि जिला करच लागू नाही तिला करसवलतीचा उपयोग काय?

या न मिळालेल्या फायद्यापोटी ती गमावते किती! कायदे लागू असलेल्या आस्थापनेत प्रॉव्हिडंट फंडातला मालकाचा 12 टक्के वाटा, 21,000 पर्यंतच्या वेतनाला मिळणारे ईएसआयचे संरक्षण, ग्रॅच्युइटी, पगारी रजा, 26 आठवड्यांची प्रसूती रजा. एका करारावर सही घेऊन हे सगळे काढून घेतले जाते.

आता कायद्याचे बघू. धरांगध्रा केमिकल वर्क्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1956 मध्येच हा प्रश्न हाताळला. मिठागरांतले आगरिये उत्पादनावर मोबदला घेत, हंगामापुरते येत, हाताखाली स्वतःची माणसेही लावत. तरी ते कामगारच ठरले, कारण कामावर प्रत्येक टप्प्यावर कंपनीची देखरेख होती. वेळापत्रक संस्थेचे, अभ्यासक्रम संस्थेचा, हजेरी संस्थेच्या यंत्रावर आणि दुसरीकडे शिकवायला बंदी, अशा शिक्षिकेला स्वतंत्र व्यावसायिक म्हणण्याचे धाडस कोणत्या आधारावर होते?

यावर 2015 चा मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल पुढे केला जातो. पुण्याच्या ग्रँट मेडिकल फाउंडेशनच्या त्या प्रकरणात बदलता मोबदला घेणाऱ्या डॉक्टरांना कर्मचारी मानायला न्यायालयाने नकार दिला होता. निकाल योग्यच आहे. पण तो कराराच्या अटी एकत्र तपासून दिलेला आहे. कर कोणत्या कलमाखाली कापला, एवढ्यावरून नव्हे. खऱ्या कन्सल्टंटबद्दल माझी तक्रार नाही. काम नाकारण्याची, दर ठरवण्याची, चार ठिकाणी जाण्याची मोकळीक असणाऱ्याने खुशाल व्यावसायिक म्हणून कर भरावा.

एक गोष्ट मात्र कुणी बोलत नाही. ते पुण्याचे प्रकरण आयकर खात्याने काढले, कारण तिथे पगारावर कापायच्या करापेक्षा कमी कर कापला गेल्याचा त्याचा दावा होता. वीस हजारांच्या शिक्षिकेच्या बाबतीत उलट जास्त पैसा आगाऊ जमा होतो. तिच्यासाठी खाते कशाला चौकशी करील? म्हणूनच कायद्यात स्पष्ट तरतूद हवी: ज्याचे बहुतेक उत्पन्न एकाच संस्थेकडून येते आणि कामाची वेळ व पद्धत तीच संस्था ठरवते, तो कर्मचारीच गृहीत धरावा. तसे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी पैसे देणाऱ्यावर असावी.

तोवर असा करार केलेल्यांनी दोन कामे जरूर करावीत. विवरणपत्र मुदतीत भरून कापलेली रक्कम परत मागावी. आणि हजेरीच्या नोंदी, रजेचे अर्ज, वेळापत्रकाचे ईमेल जपून ठेवावेत. वाद न्यायालयात गेलाच, तर पुरावा म्हणून तेच उपयोगी पडतात.