साहेब गेला, दप्तर राहिले

मुंबई-गोवा महामार्गाचा पळस्पे ते इंदापूर हा ८४ किलोमीटरचा टप्पा रुंद करण्याचे काम २०११ साली निघाले आणि दशक उलटले तरी रेंगाळत राहिले. पेण, नागोठणे, खांब, कोलाड असे खड्डे मोजत जाणाऱ्या माणसाच्या तोंडून एक वाक्य हमखास निघते, ‘यापेक्षा इंग्रज बरे!’ वैतागलेल्या माणसाच्या बोलण्याचा कीस काढू नये. पण हेच वाक्य जरा सुटाबुटात व्याख्यानांतून आणि पुस्तकांतूनही भेटते. तिथे त्याचा ताळेबंद होतो. जमेला रेल्वे, न्यायालये, शाळा, जमिनीची मोजणी. नावे टाकायला लूट, दुष्काळ आणि गोळीबार. मग ज्याची जशी आवड तशी तो शिल्लक काढतो. ही मांडणीच मला चुकीची वाटते. जमेच्या आणि खर्चाच्या म्हणून वेगळ्या काढलेल्या या गोष्टी बहुतेक वेळा एकाच दप्तरातून निघाल्या. त्याच मोजणीने एकाचे शेत पक्के झाले आणि दुसऱ्याचे रान गेले. कोणाच्या वाट्याला काय आले हे राज्यकर्त्याच्या दानतीवर ठरले नाही. कागद कोणाच्या हाती होता आणि तो मिळवायला कोण भांडले, यावर ठरले.

जमेच्या बाजूचा पहिला आकडा रेल्वेचा असतो, म्हणून तो इथल्याच मुलखात तपासू. बोरीबंदर ते ठाणे गाडी १८५३ मध्ये धावली आणि १८६३ मध्ये रूळ बोरघाट चढून गेले, कारण घाटावरचा कापूस बंदराला आणायचा होता. रूळ टाकणाऱ्या कंपन्यांना भांडवलावर ५ टक्के व्याजाची हमी सरकारने दिली होती आणि कमी पडेल ते हिंदुस्थानच्या तिजोरीतून भरले जात होते. पेण-रोह्याकडे कापूस नव्हता. इथला माणूस धरमतरच्या बोटीवरच अवलंबून राहिला आणि रोह्याला रेल्वे आली ती १९८०च्या दशकात, स्वातंत्र्यानंतर जवळजवळ चाळीस वर्षांनी. तेव्हा ‘इंग्रजांनी रेल्वे दिली’ हे वाक्य रोह्याच्या फलाटावर उभे राहून तरी म्हणू नये. पुलांचेही तसेच. महाडचा सावित्रीवरचा १९२८ सालचा पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री दोन एसटी गाड्या घेऊन पुरात गेला. बांधणाऱ्यांची तारीफ जरूर करावी, पण जुना झालेला पूल वेळेत न बदलण्याचा दोष त्यांच्याकडे कसा ढकलणार?

खरा वारसा लोखंडात नाही, कागदात आहे. खांबच्या अलीकडे महामार्ग सुकेळी खिंडीतून जातो, त्या बाजूच्या डोंगरांचे उदाहरण घ्या. कातकऱ्यांचे नाव ज्या धंद्यावरून पडले तो काताचा धंदा. खैर तोडायचा, वरचे पांढरे लाकूड तासून आतल्या तांबड्या गाभ्याच्या ढलप्या काढायच्या, मडक्यांत पाणी घालून उकळायच्या, रस आटवून दाट करायचा आणि त्याच्या वड्या वाळवायच्या. पान खाणाऱ्या सगळ्या मुलखाला हा माल लागे. १८७८ च्या वन कायद्याने रानाची हद्द आखली आणि ती आखण्याची रीत मोठी सभ्य होती. जाहीरनामा काढायचा, ज्याचा कोणाचा हक्क असेल त्याने मुदतीत येऊन सांगावा म्हणायचे, न सांगितला तर हक्क संपला असे धरायचे. या रीतीत जुलूम दिसतच नाही. पण ज्याला अक्षर येत नाही, ज्याची वस्ती ऋतूप्रमाणे हलते आणि जो मामलेदाराच्या कचेरीची पायरी चढायला घाबरतो, त्याच्यासाठी हीच मुदत म्हणजे हद्दपारीची नोटीस होती. खैर सरकारी झाला, कात पाडणारा गुन्हेगार ठरला आणि पुढच्या पिढ्या कोळशाच्या आणि विटांच्या भट्ट्यांवर उचल घेऊन राबू लागल्या. २५ सप्टेंबर १९३० रोजी चिरनेरच्या जंगल सत्याग्रहात पोलिसांच्या गोळीने पडलेल्यांत नाग्या कातकरी होता, हा योगायोग नव्हे.

कोणी म्हणेल, हद्द आखली म्हणून जंगल वाचले, नाहीतर सगळेच तुटले असते. हद्द आखणाऱ्या खात्यानेच आगगाडीच्या स्लीपरांसाठी देशभर किती झाडे पाडली हे विसरले तरच हा दावा उभा राहतो.

याहून फार जड असा आक्षेप महाडहून येतो, आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. इंग्रज नसते तर अस्पृश्याला कोर्टाची पायरी दिसली असती का? पेशवाईत त्याची दाद कोणी घेतली होती? जोतिराव फुल्यांपासून हा प्रश्न विचारला गेला आहे आणि तो खोडसाळ नाही. ज्यांच्यावर आधीच जातीचे राज्य होते, त्यांना परक्याच्या राज्यात एक फट दिसली. ती फट खरी होती. पण तिचे काय झाले ते पाहा. मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांनी १९२३ मध्ये सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा ठराव आणला. महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले आणि कागद तसाच पडून राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी हजारो माणसांसह जाऊन पाणी प्यायल्यावर त्या कागदात जीव आला. लगेच सनातन्यांनीही तेच कोर्ट गाठले. डिसेंबर १९२७ मध्ये त्यांना तात्पुरता मनाई हुकूम मिळाला आणि दुसरा सत्याग्रह तहकूब करावा लागला. उच्च न्यायालयाचा निकाल आंबेडकरांच्या बाजूने लागला तो मार्च १९३७ मध्ये, दहा वर्षांनी. त्यातही तळ्यावरची बंदी माणुसकीला धरून नाही असे काही ठरले नव्हते. बंदीची प्रथा अनादी काळापासून चालत आल्याचे वादींना शाबीत करता आले नाही, एवढेच ठरले. प्रथेचा पुरेसा जुना पुरावा सापडला असता तर? म्हणून महाडचे श्रेय द्यायचे तर ते त्या फटीत हात घालून ती रुंद करणाऱ्यांना द्यावे लागते.

अलिबागजवळच्या चरी गावातल्या कुळांचीही कथा अशीच. खोताचे नाव दप्तरात होते आणि घाम गाळणाऱ्या कुळाचे कुठेच नव्हते. नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून सहा वर्षे त्यांनी जमीन कसलीच नाही. त्या रेट्यानंतर १९३९ चा कूळ कायदा आला, आणि खोती जायला तर १९४९ चा कायदा लागला. राहता राहिला ‘परके आले नसते तर आधुनिकता आलीच नसती’ हा युक्तिवाद. जपानने १८७२ मध्ये टोकियो-योकोहामा रेल्वे सुरू केली. इंजिनियर इंग्रज होते, कर्जही लंडनचे होते, पण राज्य जपान्यांचे होते.

आता गोऱ्या साहेबाला बाजूला ठेवू, कारण या हिशेबातली अडचणीची बाकी आपल्याकडे आहे. १८९४ चा भूसंपादन कायदा ‘सार्वजनिक प्रयोजन’ एवढे दोन शब्द उच्चारून शेतकऱ्याची जमीन घेऊ देत होता. स्वतंत्र भारताने तो आणखी सहा दशकांहून जास्त वापरला. महामुंबई सेझ या विशेष आर्थिक क्षेत्रासाठी पेण, पनवेल आणि उरणमधली शेती घ्यायला निघालेले सरकार याच कायद्याने निघाले होते, आणि तेही एका खासगी कंपनीसाठी. हेटवणे धरणाचे पाणी ज्यांना मिळायचे होते अशा पेणच्या २२ गावांत सप्टेंबर २००८ मध्ये शेतकऱ्यांचा कौल घ्यावा लागला, तो प्रा. एन. डी. पाटील आणि इतरांनी लढा दिला म्हणून. पुढे मुदतीत निवाडा न झाल्याने संपादन बारगळले. दोन वर्षांत निवाडा झाला नाही तर संपादन रद्द, ही तरतूद साहेबाची नव्हती, आपल्या संसदेने १९८४ मध्ये घातलेली होती. मूळ कायदा मात्र जाण्यासाठी २०१४ साल उजाडावे लागले.

वन कायदा तर गेलेलाच नाही. १८७८ च्या जागी आलेला १९२७ चा कायदा आजही चालू आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने आपल्या प्रास्ताविकेत कबूल केले की आदिवासींवर ऐतिहासिक अन्याय झाला, आणि तो वसाहतकाळात तसाच स्वतंत्र भारतातही झाला. एवढी स्वच्छ कबुली कायद्याच्या पुस्तकात क्वचित सापडते. त्या कायद्याच्या २००८ च्या नियमांत दाव्याच्या पुराव्यांच्या यादीत, दावेदाराखेरीज गावातल्या वडीलधाऱ्यांचा लिहून घेतलेला जबाबही बसतो. म्हणजे १८७८ ला ज्याचे तोंडी सांगणे मोजलेच गेले नाही, त्याच्यासाठी १३० वर्षांनी दार उघडले. तरीही देशभरात लाखो दावे फेटाळले गेले, त्यातले कितीतरी कागद नाही म्हणून. १३ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दावे फेटाळलेल्यांना हटवण्याचा आदेश दिला आणि पंधरा दिवसांत तो स्थगित केला. दावा तपासणाऱ्या उपविभागीय समितीत ना गव्हर्नर आहे, ना गोरा कलेक्टर. तिथे प्रांत आहेत, वनखात्याचे आणि आदिवासी विकास खात्याचे अधिकारी आहेत, आपणच निवडून दिलेले सदस्य आहेत. म्हाताऱ्याचा जबाब लिहून घ्यायचा की सातबारा आण म्हणून त्याला परत पाठवायचे, हे तेच ठरवतात.